डिस्कॉर्ड: सभेला उत्तम, मतदानाला मुळीच नाही

डिस्कॉर्ड 2015 साली आलं ते गेम खेळणाऱ्यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून. सप्टेंबर 2025 मध्ये नेपाळच्या तरुणांनी त्यावर हंगामी पंतप्रधानपदासाठी नाव निवडलं. त्याच महिन्याच्या शेवटी मोरोक्कोत ‘जेन झी 212’ या तरुणांच्या गटाची आंदोलनंही इथेच ठरू लागली. म्हणून हे परीक्षण एकाच अंगाने केलं आहे: मोठ्या जनसमूहाला राजकीय निर्णय घ्यायचा असेल, तर हे अ‍ॅप किती कामाचं?

आधी नेपाळ. 4 सप्टेंबरला सरकारने नोंदणी केली नाही या कारणावरून फेसबुक, यूट्यूब, एक्स, व्हॉट्सअ‍ॅपसह 26 प्लॅटफॉर्म बंद केले. त्यात डिस्कॉर्डही होतं. टिकटॉकने नोंदणी केलेली असल्याने ते चालू राहिलं. 8 तारखेला तरुण आंदोलकांवर गोळीबार झाला आणि एका दिवसात 19 जणांचा जीव गेला. त्या रात्री बंदी उठली, दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला. मग ‘हामी नेपाल’ संस्थेच्या सर्व्हरवर, म्हणजे डिस्कॉर्डवरच्या तिच्या सामूहिक जागेत, जिथे एक लाखाहून अधिक सदस्य जमले होते, माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांना 7,713 म्हणजे सुमारे निम्मी मतं पडली. 12 तारखेला त्यांचा शपथविधी झाला.

हा उठाव काही डिस्कॉर्डने घडवला नाही. त्यामागे भ्रष्टाचार होता, बेरोजगारी होती, पुढाऱ्यांच्या मुलांच्या थाटामाटाबद्दलची चीड होती. पण कोण बोलणार, किती जण ऐकणार आणि मत कसं मोजणार, हे कंपनीने दिलेल्या सोयींमुळे ठरलं. त्या सोयी नीट तपासायला हव्यात.

बोलण्याची व्यवस्था खरोखर चांगली आहे. विषयवार चॅनेल करता येतात: घोषणा, जखमींसाठी मदत, अफवांची शहानिशा, चर्चा. घोषणांच्या चॅनेलमध्ये लिहिण्याचा अधिकार ठरावीक ‘रोल’लाच, म्हणजे नेमून दिलेल्या सदस्यांनाच ठेवावा. ‘स्टेज’ चॅनेलमध्ये ऐकणारे हजारो असू शकतात, बोलू इच्छिणारा हात वर करतो आणि संचालक त्याला मंचावर घेतो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये हे जमत नाही. तिथे एक ग्रुप भरला की दुसरा काढावा लागतो आणि प्रत्येक ग्रुपमध्ये वेगळीच बातमी फिरते.

गर्दी वाढली की लेखी चर्चा वाचण्यापलीकडे धावते. त्यावर ‘स्लो मोड’ हा उपाय: एका सदस्याला दोन संदेशांमध्ये 5 सेकंदांपासून 6 तासांपर्यंत थांबायला लावता येतं. हजारो लोक असतील तर 2 ते 5 मिनिटं ठेवा. घुसखोरांची लाट आली की निमंत्रणं आणि खासगी संदेश तात्पुरते थांबवायची सोयही आहे. ती कुठे आहे ते प्रत्येक मॉडरेटरने (चर्चेवर देखरेख ठेवणाऱ्याने) आधीच पाहून ठेवावं, कारण ऐन वेळी शोधत बसलं तर उशीर होतो. शिवीगाळ अडवणारा ‘ऑटोमॉड’ मात्र आपल्या भाषांत स्वतःच शिकवावा लागतो. मराठीत एकाच शब्दाची पाच रूपं होतात, त्यात लोक ते रोमन लिपीतही लिहितात. म्हणून शब्दाचं मूळ घालून पुढे तारांकन द्यावं आणि रोमनमधली दोन-तीन वळणंही यादीत टाकावीत.

आता मतदान, आणि इथे आमचं मत अगदी स्पष्ट आहे. डिस्कॉर्डच्या पोलमध्ये मत गुप्त नसतं, कुणी कशाला मत दिलं ते दिसतं. पर्याय जास्तीत जास्त 10. खातं उघडायला बहुतेक देशांत वयाची 13 वर्षं पुरतात आणि एका माणसाला अनेक खाती काढता येतात. लिंक हाती लागली की नेपाळबाहेरचा माणूसही मत देऊ शकतो. सर्व्हरची पडताळणी ‘मध्यम’ ठेवली तर खातं फक्त 5 मिनिटं जुनं असावं लागतं, ‘उच्च’ ठेवली तर सर्व्हरवर 10 मिनिटं काढावी लागतात. फोन नंबर मागणारी सर्वांत वरची पातळी लावली तर बनावट खाती घटतात, पण मग आंदोलकांचे नंबर परदेशी कंपनीकडे जातात. दडपशाहीच्या काळात हा सौदा महाग पडू शकतो.

आपल्याकडे सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेतसुद्धा सभासदांची यादी, गणपूर्ती, सूचक, अनुमोदक आणि इतिवृत्त लागतं. सुमारे 3 कोटींच्या देशाचा कारभार कुणाकडे द्यावा याचा कौल यातलं काहीच नसताना घेतला गेला. कार्कींची निवड नंतर राष्ट्रपती आणि लष्कराशी झालेल्या बोलण्यांतून पक्की झाली, हे खरं. पण एखाद्या टोळक्याने ठरवून हजार खाती आणली असती, तर त्या पोलमधून ते कुणाला कळलंही नसतं.

आणखी त्रुटी. लेखी संदेशांना टोकापासून टोकापर्यंत कूटबद्धता नाही, म्हणजे ते कंपनीलाही वाचता येणार नाहीत अशी सोय नाही. सप्टेंबर 2024 पासून आवाज आणि व्हिडिओ कॉलना ती मिळू लागली, पण स्टेज त्यात नाही. म्हणून मोर्चाची वाट, जमायची वेळ, जखमींची नावं इथे लिहू नका, त्यासाठी ‘सिग्नल’ हे कूटबद्ध संदेशांचं अ‍ॅप वापरा. मोफत खात्यावर 10 एमबीपेक्षा मोठी फाइल चढत नाही, त्यामुळे रस्त्यावरचं मिनिटभराचं चित्रण बहुधा अडतं. संपूर्ण सर्व्हरची नोंद उतरवून घेण्याची अधिकृत सोय नाही. सर्व्हरवर संचालकांनी काय बदललं, कुणाला काढलं याची नोंदवही 45 दिवसच राहते, म्हणजे निर्णय त्याच दिवशी बाहेर लिहून काढायला हवेत. सर्व्हरची मालकी एकाच खात्याकडे असते. ते खातं चोरीला गेलं किंवा कंपनीने बंद केलं, तर लाख लोकांची सभा एका क्षणात उठते. मालकाने आणि प्रत्येक मॉडरेटरने दुहेरी पडताळणी चालू केलीच पाहिजे. पर्यायी सर्व्हर तयार ठेवून त्याची लिंक दुसऱ्या माध्यमावर आधीच पोचवावी.

ओळखपत्राचा फोटो या कंपनीला देताना दहादा विचार करा. ऑक्टोबर 2025 मध्ये तिच्या एका बाहेरच्या सेवापुरवठादाराकडून सुमारे 70,000 वापरकर्त्यांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो उघड झाल्याचं कंपनीनेच सांगितलं.

आमचे गुण: सभा आणि समन्वयासाठी 5 पैकी 4, गुप्ततेसाठी 2, मतदानासाठी 1. चर्चा डिस्कॉर्डवर करा, नावं तिथे सुचवा, हरकती तिथे मागवा. मत मात्र ज्यांची यादी आणि ओळख आधी तपासली आहे अशा प्रतिनिधींकडून, वेगळ्या ठिकाणी, गुप्त पद्धतीने घ्या.