इंजिन आधी, पत्रा नंतर: 2021 च्या निसान फ्रंटिअरचा वापरानंतरचा अनुभव

निसानची फ्रंटिअर पिकअप अमेरिकेत 2005 च्या मॉडेलपासून 2021 पर्यंत जवळपास त्याच चेहऱ्यानं विकली गेली. तेवढ्या काळात टोयोटानं टॅकोमा नव्यानं आणली, फोर्डनं रेंजर 2011 मध्ये बंद केली आणि 2019 मध्ये परत आणली, डॉजची डकोटा गेली ती गेलीच. निसान आपली जुनीच गाडी विकत राहिली, आणि लोक ती घेतही राहिले. शेवटी बदलायचं ठरलं तेव्हाही कंपनीनं एका दमात बदललं नाही. 2020 च्या मॉडेलमध्ये जुन्याच पत्र्याखाली नवीन इंजिन आणि नवीन गिअरबॉक्स बसवला. नवी दिसणारी गाडी आली 2022 चं मॉडेल म्हणून.

या दोन्हींच्या मधली, म्हणजे बाहेरून म्हातारी आणि आतून तरणी अशी 2021 ची प्रो-4एक्स (खडबडीत रस्त्यांसाठीची आवृत्ती), चार दरवाजांची, मी सेकंडहँड घेतली. आता एक उन्हाळा आणि एक अख्खा हिवाळा तिच्याबरोबर काढून झालाय. ओळखीतले दोघं-तिघं अशीच गाडी शोधतायत आणि प्रत्येकाला फोनवर तेच ते सांगून कंटाळा आला, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय.

माझा वापर आधी सांगतो, कारण पिकअपचं बरंवाईट वापरावरच ठरतं. राहतो ओहायोत, कोलंबसजवळ. नोकरी संगणकाची, पण शनिवार-रविवार सुतारकाम. लोकांचे डेक, कपाटं, कधी झोपाळा. शिवाय मंडळाचं सामान ठेवायची जबाबदारी गेली काही वर्षं माझ्याकडेच आहे, त्यामुळे गणपतीच्या आधी दोन आठवडे गाडी मंडळाची असते, माझी नसते. रोज ऑफिसला जायला बायकोची आणि माझी मिळून एक छोटी कार आहेच.

सर्वात आधी इंजिन, कारण ही गाडी घ्यायचं खरं कारण तेच. जुन्या फ्रंटिअरमध्ये 4.0 लिटरचं व्ही-6 होतं, 261 हॉर्सपॉवरचं, आणि त्याला 5 गिअरचा ऑटोमॅटिक. 2020 पासून आलं 3.8 लिटरचं, 310 हॉर्सपॉवरचं, 9 गिअरच्या ऑटोमॅटिकसह. कागदावर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवण्याचा जोर, दोन्हींचा सारखाच, 281 पौंड-फूट. त्यामुळे सिग्नलवरून निघताना फार फरक कळत नाही. कळतो तो हायवेला चढताना. मंडळातल्या एका मित्राकडे 2012 ची जुनी आहे. ती चढणीवर ओरडते फार, पुढे कमी जाते. माझी त्याच चढणीवर, मागे लाकूड भरलेलं असतानाही, दोन गिअर खाली टाकते आणि सरळ निघते. 65 मैलांच्या वेगाला काटा दोन हजारांच्या खाली असतो, आतमध्ये नीट बोलता येतं. जुन्या गाडीत त्याच वेगाला रेडिओ वाढवावा लागायचा.

गिअरबॉक्सबद्दल मात्र हातचं राखून बोलेन. 9 गिअर म्हणजे ट्रॅफिकमध्ये सतत चुळबुळ. दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये ती घुटमळते, विशेषतः थंड इंजिनावर, सकाळी गल्लीतून बाहेर पडताना. पाय हलका ठेवला तर जास्तच. थोडा ठाम दाबला की शहाण्यासारखी वागते. दोन-चार आठवड्यांत पायाला सवय होते, पण बायको महिन्यातून एकदा चालवते आणि दर वेळी विचारते, "अहो, ही अशी का अडखळते?" तिच्यासाठी ती गाडी कायम अडखळणारीच राहणार.

पेट्रोल साधं, 87 ऑक्टेनचं चालतं. शहरात मला 16 ते 17 मैल प्रति गॅलन मिळतात, लांबच्या रस्त्याला 22 च्या आसपास. आपल्या हिशोबात लिटरला 7 ते 9 किलोमीटर. पुण्यातल्या चुलत्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग टँकर विकत घे की." टाकी मात्र 80 लिटरची आहे, त्यामुळे एकदा भरली की पंपाची आठवण लवकर येत नाही, बिलाची येते.

आता बसायची जागा. इथे म्हातारपण उघडं पडतं. स्टिअरिंग फक्त वर-खाली होतं, पुढे-मागे होत नाही. माझी उंची सहा फूट. पाय पेडलवर नीट येतील अशी सीट मागे घेतली की हात ताणावे लागतात, हातांसाठी सीट पुढे घेतली की गुडघे वर येतात. मी शेवटी पाठ जरा उभी करून मधला मार्ग काढला. अर्ध्या तासाच्या प्रवासात काही वाटत नाही. गाडी टेनेसीतून आणली, तो सहा तासांचा प्रवास होता, आणि घरी उतरलो तेव्हा उजव्या खांद्याला चांगलीच रग लागली होती.

याच कारणानं एकदा नव्या आकाराची 2022 ची चालवून पाहिली. सीट खरोखर चांगली, स्क्रीन मोठा, डॅशबोर्ड या दशकातला. पण स्टिअरिंग? तेही फक्त वर-खाली! पुढे-मागे होणारं स्टिअरिंग फ्रंटिअरला मिळालं ते थेट 2025 च्या मॉडेलमध्ये. म्हणजे 2020 ला इंजिन, 2022 ला पत्रा आणि सीट, 2025 ला स्टिअरिंग. घराचं रिनोव्हेशन पगाराप्रमाणे एकेक खोली धरून करावं, तसं निसाननं या गाडीचं केलंय. गंमत सोडा, यात माझ्यासारख्याचा एक फायदा आहे: प्रत्येक टप्प्यावर काय बदललं आणि काय नाही हे नेमकं माहीत असतं. सांगाडाही मुळात तोच. 2022 च्या गाडीखाली सुधारलेली का होईना, जुनीच चेसिस आहे. त्यामुळे जुन्या गाडीच्या मेकॅनिकला नवीही परकी वाटत नाही.

जगात इतरत्र निसानची नवारा 2014 पासून नव्या रूपात आहे. ती थायलंडमध्ये बनते, मेक्सिकोतही बनत आली. तीच इथे का आणली नाही, असा प्रश्न पडतो. 25 टक्के आयातकर, ज्याला इथे सगळे 'चिकन टॅक्स' म्हणतात, तो 1964 पासून बाहेरून येणाऱ्या हलक्या ट्रकवर आहे. पण मेक्सिकोच्या गाडीला तो लागला नसता, म्हणून नुसत्या कराकडे बोट दाखवून भागत नाही. मिसिसिपीतल्या कँटनला फ्रंटिअरचा कारखाना उभा होता, टेनेसीतल्या डेकर्डला इंजिनं बनत होती, आणि इथल्या गिऱ्हाईकाला व्ही-6 हवं होतं. माझ्या मते तिथेच निर्णय झाला.

मधे एक बेत असाही होता की फ्रंटिअरला डिझेल बसवावं. 2014 च्या शिकागो ऑटो शोमध्ये निसाननं कमिन्सचं 2.8 लिटरचं डिझेल लावलेली फ्रंटिअर दाखवली होती. कमिन्स म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर त्यांचा कोथरूडचा कारखाना येतो, त्यामुळे ती बातमी तेव्हा मी जरा आपुलकीनंच वाचली होती. ती गाडी बाजारात आली नाही. तसंच 2010 च्या सुमारास महिंद्राची डिझेल पिकअप अमेरिकेत येणार म्हणून इथल्या मराठी लोकांत कोण चर्चा! इथल्या वितरकाशी बिनसलं आणि तोही बेत बारगळला. ती आली असती तर हा लेख कदाचित वेगळ्याच गाडीबद्दल असता.

बरं, हौदा. पिकअप त्याच्यासाठीच घेतात. चार दरवाजांच्या प्रो-4एक्सला लांबी साधारण पाच फूट मिळते. प्लायवूडचा आठ बाय चारचा पत्रा चाकांच्या उंचवट्यांमध्ये बसत नाही, कारण तिथली रुंदी साडेचव्वेचाळीस इंच आहे आणि पत्रा अठ्ठेचाळीसचा. तो उंचवट्यांवर टेकवून, मागचं फळकं उघडं ठेवून न्यावा लागतो. मी दोन्ही उंचवट्यांच्या उंचीचे लाकडी ठोकळे करून ठेवलेत, ते मागच्या बाजूला आडवे टाकतो. पत्रा सपाट राहतो, खाली इतर सामानाला जागाही उरते. शेवटाला लाल फडकं बांधायचं. अर्ध्या इंचाचे दहा पत्रे एका खेपेत येतात.

या मॉडेलला हौद्याच्या कडेला आणि तळाला धातूच्या खाचा आहेत, त्यात हूक सरकवता येतात. गोल मूठ सैल करायची, हूक पाहिजे तिथे न्यायचा, खाचेत बसवायचा, मूठ आवळायची. पट्टा बांधायला जिथे हवा तिथेच आधार मिळतो. ही सोय इतकी साधी आहे की हिच्यासाठी दुसऱ्या पिकअपला मी एक-दोन गुण कमी देतो. एकच सांगणं: ओहायोच्या हिवाळ्यात खाचेत पाणी-वाळू गोठते आणि हूक जागचा हलत नाही. नोव्हेंबरमध्येच सगळे काढून आत ठेवायचे.

गणपतीत मखराचे पडदे, लाकडी चौकटी, ताडपत्री, घडीच्या खुर्च्या, समया, सगळं हौद्यातून गेलं. मूर्तीही हौद्यातच न्यावी असं मी म्हणालो, नीट बांधून, तर मंडळातल्या काकूंनी मला थांबवलं. "बाप्पा हौद्यात नाही बसायचे हं. आत घे, पट्टा लाव." मागच्या सीटची बैठक वर उचलून उभी करता येते, खाली सपाट जागा मिळते. तिथे जाड गादी टाकून मूर्ती ठेवली, तिच्या पाठीमागून उशा लावल्या. माणसांसाठी मात्र ती मागची सीट तितकी बरी नाही. पाठ फारच उभी आहे. काका बसले होते, उतरताना म्हणाले, "शाळेच्या बाकाची आठवण झाली."

जे नाही त्याबद्दल स्पष्ट लिहितो. समोर गाडी आली तर आपोआप ब्रेक लागणं, हे 2021 च्या गाडीत नाही. ते नव्या आकाराबरोबर आलं. दिवे हॅलोजनचे, पिवळट, गावाबाहेरच्या रस्त्यावर रात्री कमी पडतात. स्टिअरिंग हायड्रॉलिक आणि जड, किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये वळवताना दंड कामाला लागतो. हायवेवर तोच जडपणा मला आवडतो, गाडी सरळ राहते. घरात नव्यानं गाडी शिकणारं पोर असेल आणि तेच ही चालवणार असेल, तर मी 2022 च्या पुढचीच घ्या म्हणेन, जास्त पैसे पडले तरी.

पैशांचा विषय निघालाच आहे. 2019 पर्यंत सर्वात साधी फ्रंटिअर नवीकोरी 19 हजार डॉलरच्या आसपास मिळायची, चार सिलिंडरची, हातानं गिअर टाकायची. 2020 ला ती आणि तो गिअरबॉक्स दोन्ही गेले, आणि सुरुवातीची किंमत 26,790 डॉलरवर गेली. स्वस्त, साधी, छोटी पिकअप पाहिजे असणाऱ्याला निसाननं तेव्हाच वाऱ्यावर सोडलं, असं माझं ठाम मत आहे. ते गिऱ्हाईक पुढे फोर्डनं मॅव्हरिक आणून उचललं, 20 हजारांच्या आत, तेही हायब्रिड. पण मॅव्हरिकखाली वेगळी चेसिस नाही, ती कारसारखी बांधलेली. मला ओली माती आणि वजनदार लाकूड न्यायचं असतं, म्हणून ती माझ्या यादीत आली नाही.

घेताना काय पाहायचं? ओहायोत रस्त्यावर मीठ टाकतात, आणि ते चेसिस खातं. म्हणून मी दक्षिणेकडची गाडी शोधली. गाडी उचलून घेऊन, टॉर्च मारून, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या टोकांपाशी आणि सुट्या टायरच्या वर बघितलं. तिथे नुसता तांबूस रंग चालतो, पापुद्रे सुटत असतील तर निघून या. विकणाऱ्यानं शेवटी कागदांत न मागितलेलं वॉरंटीचं पॅकेज घुसवलं होतं, ते खोडायला लावलं. प्रत्येक ओळ वाचा. घरी आणल्यावर पहिल्या थंडीआधी खालून तेलकट संरक्षक फवारा मारून घेतला, आता दर वर्षी मारणार.

सगळे शेवटी विचारतात, टॅकोमा का नाही? त्याच वर्षाच्या, तेवढ्याच चाललेल्या टॅकोमाला सेकंडहँड बाजारात जे मागत होते त्यात माझी फ्रंटिअर, चार नवे टायर आणि सुतारकामाचा एक चांगला टेबलसॉ आला. आणि त्या पिढीच्या टॅकोमाला मागे ड्रम ब्रेक होते, हिला चारी चाकांना डिस्क. विकायला काढली तर टॅकोमाला भाव जास्त येतो, हे कबूल. पण मी विकायला घेतलेली नाही.