खोबणीतल्या गाठींसाठी डिक्सन आणि डायनॅमिक एमआरआय: सात महिन्यांच्या वापरानंतर

गोव्यातल्या एका १.५ टेस्ला मशीनवर ऑर्बिटचा, म्हणजे डोळ्याच्या खोबणीचा, हा वेगळा एमआरआय प्रोटोकॉल सात महिने सुरू आहे. त्याआधी मेंदूच्या एमआरआयलाच डोळ्यांच्या दोन सिक्वेन्स (चित्रमालिका) जोडल्या जायच्या. फरक मोठा आहे, पण सगळ्याच भागांचा सारखा उपयोग नाही.

डिक्सन, म्हणजे पाणी आणि चरबी यांची चित्रं वेगळी करणारी पद्धत, पहिल्या दिवसापासून पटलं. खोबणीत चरबी भरपूर. टी१ प्रकारच्या चित्रात तीही पांढरी आणि कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेलं औषध) घेतलेली गाठही पांढरी, म्हणून चरबी दाबावीच लागते. चरबी दाबायच्या जुन्या फॅट-सॅट पद्धतीत खोबणीच्या तळाशी, सायनसच्या हवेला लागून, चरबी नीट दबत नाही आणि नसलेलं एन्हान्समेंट (कॉन्ट्रास्टने उजळणं) दिसतं. डिक्सनने हे बरंच कमी झालं. मात्र कधीकधी पाणी आणि चरबी यांची अदलाबदल होते, त्यामुळे वॉटरसोबत फॅटची चित्रंही रिपोर्टिंगला पाठवावीत. कॉन्ट्रास्टनंतर स्टिर (चरबी दाबायची आणखी एक पद्धत) लावू नये. ते एन्हान्स झालेली गाठच दाबून टाकतं. स्लाइस ३ मिमीपेक्षा जाड नको, आणि कोरोनल (समोरून पाहिल्यासारखा छेद) हवाच.

खरी कमाई डायनॅमिकची, म्हणजे कॉन्ट्रास्ट भरताना पुन्हा पुन्हा चित्रं घेण्याची. ०.१ मिलिमोल प्रतिकिलो कॉन्ट्रास्ट, सेकंदाला २ मिली. पहिलं मिनिटभर दर ४-५ सेकंदांनी चित्रं, मग ३, ५ आणि १० मिनिटांनी. प्रौढांत आढळणारी कॅव्हर्नस गाठ (शिरांची; हल्ली तिला व्हीनस मालफॉर्मेशन म्हणतात) एका ठिपक्यापासून भरायला लागते आणि सावकाश पूर्ण भरते. श्वानोमा (नसेच्या आवरणाची गाठ) सुरुवातीलाच रुंद पट्ट्यात उजळतो. दोन मिनिटांवर थांबलात तर अर्धी भरलेली कॅव्हर्नस 'मध्ये नेक्रोसिस' (मेलेला भाग) म्हणून रिपोर्टमध्ये जाते. ही चूक फार होते, आणि दहाव्या मिनिटाचं एक चित्र ती टाळतं. सुपीरियर ऑफ्थॅल्मिक व्हेन (खोबणीतली वरची शीर) धमन्यांसोबतच भरली तर फिस्टुलाचा (धमनी-शिरेच्या थेट जोडणीचा) विचार आधी करावा. लिम्फॅटिक मालफॉर्मेशनमध्ये (लसिकावाहिन्यांच्या गाठीत) आतलं पाणी उजळत नाही, फक्त पडदे उजळतात. रक्तस्राव झालेला असेल तर द्रवाचे थर दिसतात.

व्हेरिक्समध्ये (फुगणाऱ्या शिरेत) मात्र डायनॅमिकही फसतं. रुग्ण उताणा, शांत पडलेला असताना शीर रिकामी होते आणि एमआरआय नॉर्मल येतो. यावर सुईशिवायची १० मिलीची प्लास्टिक सिरिंज देऊन, दट्ट्या हलेल इतक्या जोराने १५ सेकंद फुंकायला लावायचं आणि तेवढ्यात बसणारी जलद टी२ सिक्वेन्स घ्यायची. मशीनमध्ये जाण्यापूर्वी दोनदा सराव करून घ्यावा, आणि सूचना कोंकणीत द्यावी. 'व्हालसाल्व्हा (म्हणजे असा जोर) करा' म्हणून कोणाला काही कळत नाही. नुकतीच डोळ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना हे करायला लावू नये.

सोनोग्राफी डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी) सोबत ठेवलेली बरी, पण डोळ्यांसाठीच्या ऑफ्थॅल्मिक प्रीसेटवर, मेकॅनिकल इंडेक्स (ध्वनिलहरींच्या जोराचं माप) ०.२३ च्या आत, आणि प्रोब दाबू नये, कारण दाबाने व्हेरिक्स मिटतो. रंग भरला नाही म्हणून गाठ रक्तवाहिन्यांची नाही असं समजू नये. कॅव्हर्नसमध्ये प्रवाह इतका मंद असतो की डॉप्लरला तो बहुधा दिसतच नाही.

डिफ्यूजनने (पाण्याची हालचाल मोजणाऱ्या एमआरआयने) निराश केलं. ईपीआय या जलद पद्धतीत सायनसजवळ चित्र ताणलं जातं. नॉन-ईपीआय घेतलं तरच एडीसीवर (डिफ्यूजनमधून मिळणाऱ्या आकड्यावर) विसंबता येतं. लिम्फोमात एडीसी बराच खाली जातो, तिथे उपयोग आहे. लहान मुलाचा डोळा काही दिवसांत पुढे आला असेल तर कमी एडीसीने ऱ्हॅब्डोमायोसार्कोमाची (मुलांतल्या एका कॅन्सरची) शंका बळावते, पण बायोप्सी लांबवू नये. उलट अश्रुग्रंथीत सावकाश वाढलेली, हाडाला गुळगुळीत खळगा पाडणारी गाठ असेल तर प्लिओमॉर्फिक अॅडिनोमाची (ग्रंथीच्या एका गाठीची) शक्यता रिपोर्टमध्ये ठळक लिहा, म्हणजे कोणी तिचा तुकडा काढायला जाणार नाही. ती अखंडच काढायची असते. हाडाचा खळगा आणि फ्लेबोलिथ (शिरेतले खडे) सीटीवरच नीट कळतात.

तयारीत दोन गोष्टी सुटतात. काजळ-मस्कारा पुसलेला नसेल तर त्यातल्या लोहामुळे डोळ्याच्या पुढच्या भागाचं चित्र बिघडतं. आणि वास्कोच्या गोदीत किंवा वर्कशॉपमध्ये ग्राइंडिंग करणाऱ्याच्या डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल, तर आधी ऑर्बिटचा एक्स-रे.

पूर्ण तपासणीला ४० मिनिटांच्या आसपास लागतात, आणि शेवटी डोळे हलू लागतात. वेळ कमी असेल तर डिफ्यूजन गाळा, दहाव्या मिनिटाचं चित्र गाळू नका. फॉर्मवर एक प्रश्न वाढवा: वाकल्यावर डोळा पुढे येतो का? उत्तर 'हो' असेल तर व्हेरिक्सची शंका धरून सिरिंज टेबलावर काढून ठेवा.