सकाळचा पांढरा धूर आणि माझे ७४,३०० रुपये

जुनी डिझेल गाडी बाळगणाऱ्यांनो, तुमची गाडी सकाळी पहिल्या सेल्फला पांढरा धूर सोडत असेल आणि कुणी नुकतंच "इंजिन गेलं" म्हणून तोंड पाडलं असेल, तर आगाऊ पैसे देण्याआधी हे वाचा. माझे ७४,३०० रुपये गेले. बिघाड ४,००० रुपयांचा होता.

गाडी २००४ ची क्वालिस. २४४६ सीसीचं, टर्बो नसलेलं साधं इंजिन. वडिलांनी घेतलेली, पंधरा वर्षं पुरी झाल्यावर नोंदणीचं नूतनीकरण करून मी चालवतो. चवथीला डिचोलीहून सत्तरीतल्या घरी जाताना माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या, सामानासकट सगळी मंडळी हिच्यातच मावतात. तेव्हा "विकून टाका" हा सल्ला कुणी देऊ नये, तो घरात रोज मिळतो.

पावसाळ्यात गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ लांब मारावा लागे. सुरू झाली की थरथरायची आणि ओल्या लाकडांच्या चुलीसारखा डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर अंगणभर. वास कच्च्या डिझेलचा. दोनेक मिनिटांत धूर बंद, मग दिवसभर कितीही वेळा चालू-बंद करा, काही नाही. ऑइल कमी होत नव्हतं, रेडिएटरचं पाणीही नाही. ज्याला डिझेल इंजिन कळतं त्याला एवढ्यावरच निम्मं उत्तर मिळालं असेल. मला कळत नव्हतं. मी कारकुनी करणारा माणूस. कळत असतं तर गॅरेजवाल्याकडे गेलोच कशाला असतो?

गॅरेज म्हापशाच्या बाजूला, हमरस्त्यालगत. नाव लिहीत नाही, वकिलांनी मनाई केली आहे. मी पोचलो तेव्हा दुपार होती. डिचोलीहून चालवत नेलेली गाडी, इंजिन तापलेलं. मालकानं बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं. तिथून थोडी वाफ आली. "हे बघा पात्राव, बॅक कॉम्प्रेशन. रिंगा संपल्या." म्हणजे पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजून सिलिंडरमधला दाब खाली गळतोय, असं त्याचं म्हणणं. मग पोराला अॅक्सिलेटर दाबायला सांगितलं. मागून काळा धूर आला. "आणि हे बघा."

तक्रार कशाची होती? थंड इंजिनाच्या पांढऱ्या धुराची. तपासलं काय? तापलेलं इंजिन आणि काळा धूर! यांत्रिक पंपाचं कुठलंही जुनं डिझेल उभ्या जागी एकदम रेझ केलं की थोडं काळं ओकतंच. डिझेल एकदम वाढतं, हवा तेवढी पुरत नाही. झाकणातून थोडी वाफही जुन्या इंजिनात येते. खरं बघायचं असेल तर ते झाकण उलटं करून भोकावर नुसतं ठेवायचं. थरथरत का होईना, जागेवर राहिलं तर घाबरू नका. उडून पडलं तर रिंगांचा विचार करा. हे मला नंतर कळलं. त्याला तेव्हाही माहीत होतं.

"आता चालवू नका, वाटेत रॉड बाहेर येईल," असं सांगून त्यानं गाडी ठेवून घेतली आणि आपल्याच दुसऱ्या शेडमध्ये टोइंग करून नेली. जी गाडी मी अर्ध्या तासापूर्वी धडधाकट चालवत आणली होती, तिच्या टोइंगचे ४,०००. हिशेब असा: रिंग-पिस्टन सेट २२,४००, बोअर होनिंग आणि हेड फेसिंग ११,५००, ऑइल, फिल्टर आणि गॅस्केट किट ९,६५०, पंप-नोझल कॅलिब्रेशन ८,७५०, मजुरी १८,०००, टोइंग ४,०००. यातले ४०,००० आधी यूपीआयनं दिले आणि उरलेले ३४,३०० गाडी घेताना रोख, कारण "रोख दिलेत तर जीएसटी वाचेल." हातात कागद मिळाला तो कच्चा, शिक्का नाही, नंबर नाही. चवथ तोंडावर होती. घरात सगळ्यांचा तगादा. कुठल्या शहाण्यानं त्या वेळी पक्क्या बिलासाठी भांडण काढलं असतं?

आता तो पिस्टन. आठवला की आजही डोकं फिरतं. काम चालू असताना मी शेडवर गेलो, तर इंजिनावर ताडपत्री. "गास्केट चिकटवलंय, धूळ नको," म्हणाला. पुरावा म्हणून खोक्यातून एक जुना पिस्टन काढून माझ्या हातात दिला. बाजूला ओरखडे, रिंगा घासलेल्या आणि डोक्यावर मधोमध खोल वाटीसारखा खळगा. "बघा किती खाल्लाय." मी त्या खळग्यात बोट घालून बघितलं. इतका गोल, इतका गुळगुळीत खळगा झिजून पडतो का, असा प्रश्न मनात आलाही होता. फोटोही काढला. पण समोर वीस वर्षं इंजिनं उघडणारा माणूस छातीठोक बोलत असताना मी काय वाद घालणार?

तो पिस्टन माझ्या गाडीचा नव्हताच. क्वालिसच्या या इंजिनात डिझेल आधी हेडमधल्या छोट्या कप्प्यात फवारलं जातं, तिथं पेट घेतं आणि मग सिलिंडरमध्ये येतं. म्हणून त्याच्या पिस्टनचं डोकं जवळजवळ सपाट, वर फक्त उथळ खाच. खोल वाटीचा पिस्टन थेट फवाऱ्याच्या इंजिनाचा, म्हणजे दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचा. खोक्यातला तो नग गिऱ्हाइकांना दाखवायलाच ठेवला असणार. जुने भाग दाखवले तर ते आपल्याच इंजिनाचे आहेत का, हे दुसऱ्या मेकॅनिकला फोटो पाठवून विचारा, आणि सगळे भाग मोजून घरी घेऊन या. मी मागितले तेव्हा "भंगारवाला घेऊन गेला."

गाडी मिळाली ती चकचकीत, ब्लॉकला रुपेरी रंग मारलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच धूर. फोन केला तर "नव्या रिंगा बसायला वेळ लागतो, हजार किलोमीटर चालवा." नंतर "तुमच्या पंपावरचं डिझेल खराब." नंतर फोन उचलणं बंद.

शेवटी फोंड्याच्या एका पंप-नोझलवाल्यानं सोक्षमोक्ष लावला. त्यानं गाडी रात्रभर आपल्याकडे ठेवून घेतली आणि सकाळी गार इंजिनावर काम सुरू केलं. चारही हीटरना, म्हणजे सेल्फआधी इंजिन आतून तापवणाऱ्या ग्लो प्लगना, जोडणारी पट्टी सोडवली, टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं एकेका हीटरला लावलं. दोनांवर दिवा पेटला, दोनांवर नाही. निदान झालं! कप्प्यात पेट घेणाऱ्या इंजिनाला कप्पा आधी तापवावा लागतो, आपल्या कोकणातल्या हवेतही. दोन हीटर मेले की दोन सिलिंडर सुरुवातीला पेटत नाहीत, त्यांतलं डिझेल न जळता वाफ होऊन पांढरं बाहेर पडतं. इंजिन तापलं की आपोआप थांबतं. मीटरवरचा कॉईलचा दिवा पेटून विझतो म्हणून हीटर चांगले, असं मुळीच समजू नका. माझा शेवटपर्यंत शहाण्यासारखा पेटत होता.

हीटर काढलेच होते म्हणून त्याच भोकांतून कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर, लावलं. चार सिलिंडरचे चार आकडे, किलोमध्ये: २६, २५, २६, २५. नवं इंजिन तीसच्या वर दाखवतं, वीसच्या खाली गेलं तर खरंच काम काढावं लागतं. "म्हणजे नव्या रिंगा तरी घातल्या त्यानं?" मी विचारलं. त्यानं उत्तर दिलं नाही, हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावरचा रुपेरी रंग स्क्रू ड्रायव्हरनं खरवडला. खाली जुनी चिकट काजळी, सांध्यावरून सलग गेलेली, कुठं तुटलेली नाही. हेड उचललंच नव्हतं. मातीवर रंग मारला होता. चार हीटर ८५० प्रमाणे ३,४००, मजुरी ६००. पक्कं बिल न मागता दिलं.

धुराचा रंग आणि तो कधी येतो, एवढं तरी आपलं आपण बघून ठेवा. निळसर आणि ऑइलचा वास, तोही फक्त सकाळी एकदाच फुस्सकन, तर आधी व्हॉल्व्ह सील बघायला लावा. निळा धूर दिवसभर, चढणीला जास्त आणि ऑइल कमी होत असेल, तर रिंगांची गोष्ट करा. पांढरा धूर तापल्यावरही थांबत नसेल आणि पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट. हीटर चांगले असून पांढरा धूर असेल तर नोझल ठिबकतंय का बघा. मोबाइलवर सकाळच्या सेल्फपासूनचा व्हिडिओ काढा. आणि पीयूसीच्या कागदावर जाऊ नका, ती चाचणी तापलेल्या इंजिनावर होते. माझ्याकडे पास झालेला कागद होता.

आता सरकारी कहाणी. पहिल्या पोलीस ठाण्यात सांगितलं, शेड आमच्या हद्दीत नाही. दुसऱ्यात म्हणाले, पैसे पहिल्या गॅरेजवर दिलेत ना, मग तिकडेच जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्दीचा प्रश्न न काढता माहिती नोंदवून घ्यायची असं लिहिलंय, हे मी छापून नेलेलं होतं. हवालदारानं कागद उलटा धरून बाजूला ठेवला. साहेबांनी वर ऐकवलं, "ही दिवाणी बाब आहे." दुसऱ्या गाडीचा पिस्टन दाखवून पैसे उकळणं दिवाणी? मग भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ कशासाठी छापलंय? अर्जाच्या प्रतीवर पोच मागितली तर शिक्का कपाटात आणि कपाटाची चावी रजेवर. वाहतूक खात्यात गेलो, तर "गॅरेजं आमच्याकडे येत नाहीत." करवाल्यांकडे रोख व्यवहाराचं सांगितलं तर माझ्याकडेच बघून विचारलं, "तुम्ही बिल का नाही घेतलं?" चोर राहिला बाजूला, सगळ्यांनी झडती माझीच घेतली. टोल-फ्री नंबरावर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, पुढे काही दिवसांनी "निकाली" असा मेसेज आला. काय निकाली काढलं ते त्यांनाच ठाऊक.

जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला आहे. २०१९ च्या कायद्यानुसार मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, मात्र घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. ४०,००० चा यूपीआय व्यवहार, फोंड्याचं बिल, सांध्याचा आणि पिस्टनचा फोटो जोडलाय. रोख दिलेल्या ३४,३०० चा कागद म्हणजे ती कच्ची चिठ्ठीच. म्हणून सांगतो, रोख देऊ नका, जीएसटी जाऊ दे खड्ड्यात.

त्या पिस्टनच्या खळग्याच्या कडेला नखाएवढा टवका उडालेला आहे आणि बाजूवर तीन उभे ओरखडे आहेत. म्हापशाच्या बाजूला तुमच्या हातात कुणी तो दिला असेल, तर फोटो आणि तारीख जपून ठेवा आणि मला कळवा. दोन वेगवेगळ्या गाड्यांमधून एकच पिस्टन निघाला, हे आयोगापुढे मांडायचं आहे.