व्हजायनिस्मस: डायलेटर की बोटॉक्स?
लग्नाला दोन वर्षं झाली, संबंध जमतच नाहीत, आत भिंत असल्यासारखं वाटतं आणि घरचे विचारतायत गोड बातमी कधी... तर आधी हे ऐका, हे नाटक नाहीये, याला व्हजायनिस्मस म्हणतात, डोळ्यासमोर काही आलं की पापणी मिटते ना तसे योनीभोवतीचे स्नायू आपोआप आवळतात, आवळले की दुखतं, दुखलं की भीती वाढते, मग अजून आवळतात. सुरुवात कधी इन्फेक्शन किंवा टाक्यांपासून, कधी मनात भरलेल्या धास्तीतून, बऱ्याचदा दोन्ही.

डायलेटर म्हणजे करंगळीएवढ्यापासून वाढत्या साइजच्या नळ्या, घरीच, लुब्रिकंट लावून, सावकाश श्वास सोडत, सोबत फिजिओ आणि काउन्सेलिंग. आठवडे-महिने लागतात, कंटाळाही येतो, पण कंट्रोल आपल्या हातात राहतो आणि भीतीवर थेट काम होतं.

बोटॉक्स म्हणजे त्या स्नायूंत इंजेक्शन, बऱ्याचदा भूल देऊन, साधारण ३-४ महिने स्नायू ढिले राहतात. खर्च जास्त, आणि टोचलं की झालं असं नाही हां, त्या काळातही डायलेटर करावेच लागतात!

म्हणून मी तरी आधी डायलेटरच म्हणेन, नेटाने करूनही सगळ्यात लहान साइज जात नसेल तर बोटॉक्सचं विचारा. आणि "जरा रिलॅक्स व्हा" एवढंच सांगून पाठवणारा डॉक्टर भेटला तर सरळ दुसरा गाठा.