सीलबंद पाकिटातला बनावट टेन्शनर

जुन्या, बिडाच्या इंजिनाची बुलेट अजून चालवणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. प्रायमरी चेनचा टेन्शनर घेताना मी स्वस्त माल शोधत नव्हतो. पाकीट सीलबंद होते, त्यावर कंपनीचे चिन्ह आणि चकाकता होलोग्राम होता, छापील किंमत मी पूर्ण मोजली, आणि तरीही आतला माल बनावट निघाला.

या इंजिनात क्रँककडून क्लचकडे ताकद नेणारी दुपदरी चेन डाव्या बाजूच्या केसमध्ये तेलात फिरते आणि तिच्या खालच्या बाजूला वर रेटून धरणारी वक्र पट्टी म्हणजे टेन्शनर. पट्टीखालचा स्क्रू फिरवून ताण ठरवायचा, लॉकनट आवळायचा, आणि चेन फिरवत जिथे ती सर्वांत ताठ असेल तिथे सुमारे पाव इंच, म्हणजे ६ मिलिमीटर, झोल ठेवायचा. चेन झिजून लांबली की स्क्रू वर घेत जावे लागते. स्क्रू पुरता वर येऊनही झोल राहत असेल, तर दोष चेनचा असतो, पट्टीचा नव्हे.

नेमके हेच माझ्यापासून दडवले गेले. केसमधून खडखड येऊ लागल्यावर मिस्त्रीने केस उघडली, पट्टी गेल्याचे सांगितले आणि कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीतल्या एका ठरावीक दुकानाचा पत्ता दिला. दुकानदाराने दिलेल्या पट्टीवरचा रबराचा थर जुन्या पट्टीपेक्षा स्पष्टपणे जाड होता. विचारल्यावर ‘सुधारित माल आहे, जास्त टिकतो’ असे उत्तर मिळाले. जाड थरामुळे लांबलेल्या चेनचा झोल तात्पुरता भरून निघाला, आवाज थांबला, आणि मिस्त्रीची मजुरी व दुकानदाराचा नफा दोन्ही वसूल झाले.

खडखड परतली तेव्हा शिवाजी उद्यमनगरातल्या एका ओळखीच्या लेथवाल्याकडे केस उघडली. तेल काळे, त्यात रबराचे तुकडे, आणि पट्टीचा थर एका टोकापासून सुटून चेनखाली गुंडाळला गेलेला. ज्या उद्यमनगरात ऑइल इंजिने घडली, तिथल्या कारागिरासमोर असला माल लपत नाही. त्याने पट्टी उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, “साहेब, रबर चिकटवायच्या आधी पत्रा घासलेलाच न्हाई, मग ते धरणार कशाला?” उरलेले रबर बोटाने दाबले तर मऊ आणि फुगलेले लागत होते. तेलात राहणाऱ्या भागाला नायट्रिलसारखे तेल सोसणारे रबर लागते. साधे नैसर्गिक रबर तेल शोषून फुगते आणि सुटते. जुनी पट्टी मी मागून घेतली होती म्हणून शेजारी ठेवून तुलना करता आली. तिच्यावर चेनचे चर पडले होते, पण ती अजून चालण्याजोगी होती. (मिस्त्री जुना भाग परत द्यायला का कुरकुरत होता, हे तेव्हा उमगले.)

दुकानदाराने आधी ‘इंजिनच्या मालाला गॅरंटी नसते’ म्हटले, मग बिल मागितले. बिल म्हणून त्याने दिलेल्या कच्च्या चिठ्ठीवर ‘पार्ट’ एवढाच शब्द आणि रक्कम होती, दुकानाचे नावही नव्हते. पैसेही त्याने ‘मशीन बंद आहे’ म्हणून रोखच घेतले होते. पाकिटावर छापील किंमत होती, पण उत्पादकाचा पत्ता, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क नव्हता. आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार हे सारे पाकिटावर असायलाच हवे, त्यामुळे होलोग्रामपेक्षा आधी ही बारीक अक्षरे वाचणे अधिक उपयोगाचे. होलोग्रामचे स्टिकर छापून घेणे काही अवघड राहिलेले नाही.

ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे शुल्कही लागत नाही. मात्र दुकानाचे नाव, जीएसटी क्रमांक आणि भागाचा क्रमांक असलेले बिल हाती असल्याशिवाय तिथे विक्री सिद्ध करणे फार जड जाते. त्यासाठी रोखीऐवजी यूपीआयने पैसे देणे बरे, म्हणजे निदान कोणाला दिले याची नोंद राहते.

‘सगळ्या बुलेटला हाच बसतो’ असे कोणी म्हणाले तर तिथेच थांबावे. रॉयल एनफिल्डच्याच २००९ च्या क्लासिकमधल्या यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र असलेल्या) इंजिनाचा टेन्शनर आपोआप ताण घेणारा, म्हणजे वेगळाच आहे, आणि २०२० च्या मिटिऑरपासूनच्या जे-सिरीज इंजिनांत प्रायमरी चेनच नाही, तिथे गिअर आहेत. माझ्या गाडीत अखेर अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर घेतलेली चेन बसली. स्क्रू खाली घेऊन जुनीच पट्टी वापरली, केस धुऊन तेल बदलले, आणि सुटलेल्या थराची पट्टी पाकिटासकट जपून ठेवली आहे.