घराला वायफाय, शेताला सिम, की सरळ वायरवाला संच?

घरावर, शेतावर नजर ठेवायचा सीसीटीव्ही कॅमेरा घ्यायला दुकानात शिरलं की गिऱ्हाईक पहिल्यांदा मेगापिक्सल विचारतं. दुकानदारालाही ते बरंच वाटतं, कारण तो आकडा वाढला की बिल वाढतं. खान्देशात हा प्रश्न शेवटी विचारला तरी चालेल. दारापासून दहा-बारा फुटांवर उभ्या माणसाचा चेहरा ओळखायला १०८०पी, म्हणजे दोन मेगापिक्सल, पुरतात. आधी ठरवायचं ते हे, की कॅमेरा टांगायचा कुठे आणि त्या जागी वीज किती तास असते. आपल्याकडे चित्र अंधूक आहे म्हणून कॅमेरा क्वचितच वाया जातो. वीज, नेट आणि मे महिन्याचं ऊन, या तिघांपैकी कोणीतरी ऐन वेळी दगा देतं.

निवड तीन गोष्टींत आहे. पहिला, घरातल्या वायफायवर चालणारा आणि प्लगला लावायचा कॅमेरा, साधारण दीड ते तीन हजारांत. दुसरा, बॅटरी आणि छोट्या सोलर पॅनलवर चालणारा, मोबाईलचं सिम बसणारा, चार ते आठ हजारांच्या घरात. तिसरा म्हणजे डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा), हार्ड डिस्क आणि चार कॅमेऱ्यांचा वायरवाला संच. फिटिंग धरून तो बारा हजारांच्या पुढे जातो, आणि किती पुढे ते वायर किती लागते त्यावर.

ओटा, वसरी, माजघर: प्लगवाला वायफाय कॅमेरा

मुलगा पुण्याला नाहीतर सुरतेला, आणि माय एकटी अमळनेर-पारोळ्याकडच्या गावात. अशा घराला हाच कॅमेरा. मान फिरवतो, रात्री दिसतं, आणि दोन्हीकडून बोलता येतं. फोन सापडत नसेल तर मायशी थेट कॅमेऱ्यातूनच बोलता येतं, आणि माझ्या मते चोरापेक्षा याच कामाला तो जास्त येतो. लावायला मिस्त्री लागत नाही, दोन स्क्रू आणि एक बोर्ड असला की झालं.

रेकॉर्डिंग आतल्या मेमरी कार्डावर होतं. हिशेब सोपा आहे. चित्र १ एमबीपीएसने, म्हणजे सेकंदाला एक मेगाबिटने, साठत असेल तर दिवसाला १०.८ जीबी लागतात, म्हणून ६४ जीबीचं कार्ड पाच-साडेपाच दिवसांत भरतं आणि मग जुनं पुसून नवं लिहिलं जातं. अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आठ दिवस गावाला जाणार असाल तर १२८ जीबीचंच घ्या. कार्ड ‘हाय एंड्युरन्स’ लिहिलेलं हवं. मोबाईलमधलं साधं जुनं कार्ड दिवसरात्रीच्या लिहिण्या-पुसण्यात लवकर दम तोडतं. नेट गेलं तरी कार्डावरचं काम चालू राहतं, वीज गेली की थांबतं. आणि चोराने कॅमेराच उपटून नेला तर कार्डही त्याच्याबरोबर जातं. ही भीती असेल तर कंपनीच्या क्लाउडचे, म्हणजे नेटवरून चित्रण त्यांच्याकडे साठवायचे, महिन्याचे पैसे भरावे लागतील, नाहीतर कॅमेरा हाताला येणार नाही इतका उंच लावावा.

जोडणीत अडकतात ते बहुतेक एकाच ठिकाणी. स्वस्त कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय ओळखतात. नव्या राउटरमध्ये २.४ आणि ५ ही दोन्ही एकाच नावाने दिसतात, फोन ५ वर बसलेला असतो आणि कॅमेऱ्याला काही केल्या नेटवर्क सापडत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ ला वेगळं नाव द्या, फोन त्यावर न्या, मग ॲपमधला क्यूआर कॅमेऱ्यासमोर धरा. क्यूआर धरताना फोनचा उजेड पूर्ण वाढवा आणि फोन वीतभर लांब ठेवा. नाकाला लावला तर कॅमेरा वाचत नाही.

२.४ भिंतीतून ५ पेक्षा बरं जातं, पण धाब्याच्या घराची दीड-दोन फुटी मातीची भिंत त्यालाही जड जाते. पत्र्याच्या खोलीत तर तरंग आत शिरायलाच तयार नसतात. म्हणून भोकं पाडण्याआधी कॅमेरा ठरलेल्या जागी नुसता हाताने धरून तासभर चालवून बघा. सिग्नल कमी पडला तर कॅमेरा बदलायची घाई नको, राउटर खिडकीशी सरकवला तरी पुष्कळदा भागतं.

विजेची गोष्ट. कॅमेऱ्याला ५ व्होल्ट लागतात आणि सोबतची बारीक केबल लांब केली की टोकाला व्होल्टेज पडतं. मग कॅमेरा दिवसा नीट चालतो, रात्री इन्फ्रारेडचे दिवे लागले की बंद-चालू होत राहतो. लांबवायचीच असेल तर २३० व्होल्टची बाजू लांबवा आणि ॲडॉप्टर कॅमेऱ्याजवळ न्या. राउटरसाठी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस मिळतो. काहींत ५ व्होल्टचं यूएसबीही असतं, तर एकाच डब्यावर राउटर आणि कॅमेरा दोन्ही काही तास निघतात. इन्व्हर्टर असेल तर हा खर्चही नको, फक्त राउटरचा बोर्ड इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का ते तपासा. तो नेमका नसतो.

वीज आल्यावर कॅमेरा आपोआप जोडला जातो. मात्र नेट यायला उशीर झाला तर स्वस्त कॅमेऱ्याचं घड्याळ भलतीच वेळ दाखवू शकतं. पोलिसांना चित्रण द्यायची वेळ आली तर हे लक्षात असू द्या.

शेत आणि खळं: सिम आणि सोलरवाला

रावेर-यावल-चोपड्याच्या केळीपट्ट्यात विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला जाणं ही कायमची डोकेदुखी आहे. तिथे ना वायफाय, ना चोवीस तास वीज. शेतीच्या फीडरवर थ्री फेज पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. त्या भरवशावर प्लगचा कॅमेरा लावण्यात अर्थ नाही, म्हणून लोक सिमच्या कॅमेऱ्याकडे वळतात. वळावंच, पण जाहिरात जे सांगत नाही ते ऐकून.

आधी डेटा. वरच्याच हिशेबाने, दिवसाला दीड जीबीचं रिचार्ज असेल तर १ एमबीपीएसने तीन तास वीस मिनिटं बघता येतं, पुढे नाही. चोवीस तास लाइव्ह बघण्यासाठी हा कॅमेरा नाहीच. तो झोपलेला असतो, हालचाल झाली की जागा होतो, दहा-वीस सेकंद टिपतो आणि फोनवर सूचना पाठवतो. तसा वापरला तर डेटा उरतो. सिम घेण्याआधी त्याच कंपनीचं सिम फोनमध्ये घालून विहिरीपाशी उभं राहून नेटवर्क बघा. बाहेरदेशी बनावटीचा कॅमेरा असेल तर बँड, म्हणजे तो मोबाईल नेटवर्कचे कोणते तरंग पकडतो ते, विचारा. जिओ ४जीसाठी ३, ५ आणि ४० हे बँड वापरतं. यातला एकही चालत नसेल तर कॅमेरा शोभेचा.

आता उन्हाचं. माणूस आला हे बॅटरीवाल्या कॅमेऱ्याला कळतं ते पीआयआर सेन्सरमुळे. हा सेन्सर अंगाची उष्णता आणि मागच्या जमिनीची, भिंतीची उष्णता यांतला फरक बघतो. डिसेंबरच्या पहाटे हा फरक भरपूर असतो, माणूस लांबूनच पकडला जातो. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ वर जातो, भिंत आणि बांध माणसाच्या अंगाइतके किंवा त्याहून तापलेले असतात, आणि सेन्सरला समोरून माणूस गेलेला कळेनासा होतो. कॅमेरा बिघडलेला नसतो, त्याला फरकच सापडत नाही. चोऱ्या बहुतेक रात्री होतात आणि रात्री जमीन थोडी निवते, म्हणून हे चालवून घेता येतं. पण भर दुपारी केबल कापली गेली आणि सूचना आली नाही तर नवल मानू नका. प्लगवाल्या आणि वायरवाल्या कॅमेऱ्यांत चित्रातले ठिपके बदलले की हालचाल धरली जाते, त्यांना ही अडचण नाही.

उन्हाचा दुसरा घाव बॅटरीवर. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांपुढे चार्ज करायची नसते, आणि चांगल्या कॅमेऱ्यातलं सर्किट तेव्हा चार्जिंग थांबवतं. खांबावर उन्हात टांगलेल्या काळ्या डब्याच्या आत पारा बाहेरच्यापेक्षा जास्तच असतो. परिणाम असा की ऊन रणरणतंय, पॅनल चकाकतंय, आणि बॅटरी उतरतेय. यावर उपाय म्हणजे पॅनल वेगळं असलेला कॅमेरा घेणं. पॅनल उन्हात दक्षिणेकडे कलतं ठेवा आणि कॅमेरा झाडाच्या किंवा पत्र्याच्या सावलीत. पॅनल अंगातच बसवलेले कॅमेरे दिसायला सुटसुटीत असतात, पण मी ते खान्देशात कोणाला सुचवणार नाही. खोक्यावर ‘चालण्याचं तापमान’ लिहिलेलं असतं ते वाचा. घरातल्या पुष्कळ मॉडेलांवर ते ४० अंशांपर्यंतच असतं, म्हणजे धुळ्याच्या गच्चीवर ते पहिल्याच उन्हाळ्यात परीक्षेला बसतात. बाहेरसाठी ५० अंश आणि धूळ-पाण्यापासून बचावाचा आयपी६५ किंवा आयपी६६ हा दर्जा बघून घ्यावं. पॅनलवरची धूळ पंधरा दिवसांनी पुसावी लागते, आणि हे काम शेतात रोज जाणाऱ्यानेच करायचं असतं, पुण्याहून होत नाही.

काहीजण शेतातल्या घरात राउटर बसवून वायफायचाच कॅमेरा केळीच्या पलीकडे लावतात. लागवडीच्या वेळी ते झकास चालतं. झाड डोक्यावर गेलं, पाण्याने भरलेली पानं मध्ये आली की सिग्नल गळतो, कारण पाणी हे तरंग पिऊन टाकतं. केळीच्या पार जायचं असेल तर राउटरची अँटेना पिकाच्या वर काढा, नाहीतर सिम घ्या.

वायरवाला संच

याबद्दल फार लिहावं लागत नाही, कारण तो वर्षानुवर्षं चालत आलाय. चित्र आणि वीज दोन्ही नेणारी थ्री प्लस वन केबल, कॅमेऱ्यांना वीज देणारा १२ व्होल्टचा एसएमपीएस, आत कपाटात डीव्हीआर. नेटची गरज फक्त लांबून बघायला. चोराने कॅमेरा फोडला तरी फोडेपर्यंतचं चित्रण आत राहतं. एक टीबीच्या डिस्कवर चार कॅमेरे कितीतरी दिवस साठतात. दिवाळीनंतर खोल्या कापसाने भरून भावाची वाट बघणारं घर असेल, किंवा पुढे दुकान आणि मागे घर, तर मी हाच घ्या म्हणेन. कापसाच्या खोलीत मात्र एसएमपीएस, जोड, बोर्ड काही ठेवू नका. ते सगळं बाहेरच्या भिंतीला.

त्याचा वैरी म्हणजे मे-जूनचं वादळ. ज्या वावटळीत केळीचे घड आडवे होतात तिच्यातच वीज कडाडते, आणि घरापासून खळ्यापर्यंत उघड्यावर ओढलेली लांब केबल तो झटका थेट डीव्हीआरपर्यंत आणते. लांब अंतराला वायर टाळा, तिथे एक वायफायचा किंवा सिमचा सुटा कॅमेरा परवडतो. अर्थिंग करून घ्या. नवीन बांधकाम असेल तर प्लास्टरच्या आधीच पाइप टाकून ठेवा. आयपी कॅमेरे आणि पीओई स्विच घेतला तर एकाच नेटवर्क केबलवर १०० मीटरपर्यंत वीज आणि चित्र दोन्ही जातात, मात्र पैसे जास्त.

मग घ्यायचं काय

जिभाऊ, घरात माय-बाप एकटे आणि चिंता त्यांची असेल तर वायफायचा एक कॅमेरा वसरीत, मिनी यूपीएससह. दुसरा लगेच घेऊ नका. विहीर किंवा शेतातली खोली असेल तर सिमवाला, वेगळ्या पॅनलचा, आणि तोही नेटवर्क तपासल्यावरच. माल साठवता किंवा धंदा करता तर वायरचा संच. जुना मोबाईल कॅमेरा म्हणून लावायची हौस असेल तर हिवाळ्यात लावा. उन्हाळ्यात सतत चार्जिंगवर राहिलेली त्याची बॅटरी फुगते.

कुठलाही घेतला तरी तोंड कुठे आहे ते बघा. गावात न्हाणी अंगणात असते, शेजाऱ्याची तर भिंतीला लागून. कोणाच्या खासगी अंगाचं चित्र संमतीशिवाय टिपणं किंवा पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ॲपमध्ये चित्राचा तेवढा भाग काळा करायची सोय असते, ती वापरा. कानबाईच्या सणाला घर पाहुण्यांनी भरलं की माजघरातला कॅमेरा सरळ बंद करा. बायाबापड्यांना त्याच्यासमोर अवघडायला होतं, आणि ते बरोबरच आहे.

खोक्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी बघा. एप्रिल २०२५पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या अटींवर चाचणी देऊनच ती मिळते. हे कागदी नाटक नव्हे. २०१६ साली मिराई नावाच्या विषाणूने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते आणि त्यांच्या जोरावर मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या होत्या. तेव्हा पहिल्याच दिवशी पासवर्ड बदला.

आणि ॲपचं खातं स्वतःच्या नंबरवर उघडा. बसवायला आलेला पोरगा घाईत स्वतःच्या फोनवर कॅमेरा जोडतो आणि तुम्हाला नुसता ‘शेअर’ करून देतो. मग मालक तोच राहतो, तुम्ही पाहुणे. तो निघायच्या आधी ॲपमध्ये कॅमेऱ्याचा मालक कोण दिसतो ते बघा. त्याचं नाव असेल तर त्याच्यासमोर कॅमेरा रीसेट करून आपल्या फोनवर पुन्हा जोडून घ्या, आणि पैसे त्यानंतर द्या.