मारुती ८०० आणि टाटा पंच : एकाच दारातील दोन गाड्या, अपघात-सुरक्षेच्या नजरेतून

साताऱ्यात आमच्या दारात सध्या दोन लहान गाड्या उभ्या असतात. एक १९९९ सालची मारुती ८००, जी मी नोकरीला लागल्यावर घेतली आणि जिच्यातून आमच्या दोन पिढ्यांनी प्रवास केला. दुसरी २०२२ मध्ये घेतलेली टाटा पंच. दोन्ही मी स्वतः चालवतो, एक गावात आणि दुसरी महामार्गावर. या गाड्यांचे मायलेज, वातानुकूलन आणि देखभालीचा खर्च यांविषयी पुष्कळ लिहून झाले आहे, म्हणून या परीक्षणात मी एकच प्रश्न घेतला आहे: जोराची धडक बसली, तर आत बसलेल्या माणसाचे काय होईल? माझ्या दोन्ही गाड्यांवर सुदैवाने तशी वेळ आलेली नाही. त्यामुळे पुढील मते गाड्यांच्या रचनेवर आणि जाहीर झालेल्या धडक-चाचण्यांवर आधारलेली आहेत, अनुभवावर नाहीत.

८०० विषयी वाईट लिहिताना हात आखडतो, हे आधीच मान्य करतो. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या गाडीची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली आणि त्यानंतर तीस वर्षे या गाडीने मध्यमवर्गाला चारचाकीत बसवले. सव्वातीन मीटरांहून किंचित अधिक लांबी, साडेसहाशे किलोंच्या आसपास वजन आणि ७९६ सीसीचे तीन सिलिंडरांचे इंजिन एवढ्या सामग्रीत चार माणसे आणि त्यांचे सामान महाबळेश्वरला चढते, याचे मला आजही कौतुक वाटते. काचेभोवतीचे खांब इतके बारीक आहेत, की चौकात चारही बाजूंचे सगळे दिसते. आजच्या बहुतेक गाड्यांचे पुढचे खांब जाड झाले आहेत आणि वळताना एखादा पादचारी त्या खांबाआड क्षणभर पूर्ण लपतो. धडक टाळण्याच्या बाबतीत जुन्या गाडीला मी हा एक गुण मोकळेपणाने देतो.

परंतु तोच बारीक खांब धडकेच्या वेळी छताला आणि दाराच्या चौकटीला आधार देणार असतो, आणि तेथे चित्र पालटते.

आमच्याकडे येणारे निम्मे लोक पंचचा पुढचा भाग बोटाने दाबून पाहतात आणि म्हणतात, ‘आताचा पत्रा पातळ, जुन्या गाड्या कशा दणकट होत्या.’ हा समज केवळ आपल्याकडचा नाही, आणि तो दोन बाजूंनी चुकीचा आहे. पहिली बाजू अशी, की बाहेरचा पत्रा हे गाडीचे कातडे आहे, हाडे आतल्या सांगाड्यात असतात. दुसरी अशी, की पुढचा भाग दणकट असणे हा गुणच नव्हे. मर्सिडीज-बेंझचे अभियंते बेला बारेन्यी यांनी १९५० च्या दशकातच हे मांडले होते, की गाडीचा पुढचा आणि मागचा भाग ठरवून चुरगळला पाहिजे आणि मधली केबिन मात्र ताठ राहिली पाहिजे. कारण साधे आहे. ताशी ६४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला पावणेअठरा मीटर. सोळा मीटर उंचीवरून, म्हणजे पाचव्या मजल्यावरून पडणारी वस्तू जमिनीवर आदळताना साधारण याच वेगात असते. हा वेग ६० सेंटिमीटर अंतरात शून्यावर आला, तर शरीरावर सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या २७ पट ताण येतो, आणि तोच ३० सेंटिमीटरांत शून्यावर आला, तर ५४ पट. बॉनेट चुरगळते म्हणजे गाडी आपल्यासाठी हे अंतर मिळवत असते. पंच ८०० पेक्षा जवळजवळ अर्धा मीटर लांब आहे आणि तिचे वजन हजार किलोंच्या घरात आहे. ही वाढ सगळीच सुरक्षिततेसाठी झालेली नाही, पण तिचा एक हिस्सा नक्कीच तेथे खर्च झाला आहे.

याच हिशेबात एक जुनी सवयही तपासून पाहावी. ८०० मध्ये आम्ही मुलीला पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन पुण्याला जात असू, आणि आईचा हात हाच तिचा पट्टा असे. दहा किलोंचे मूल २७ पट ताणाखाली २७० किलोंचे होते. तेवढे वजन कोणाच्याही हातांना धरवत नाही.

८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले, आणि योगायोग असा, की त्याच महिन्याच्या अखेरीस ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतीय लहान गाड्यांच्या पहिल्या चाचण्यांचे निकाल जाहीर केले. मारुती अल्टो ८००, टाटा नॅनो, ह्युंदाई आय१०, फोर्ड फिगो आणि फोक्सवॅगन पोलो या पाच गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने, समोरच्या रुंदीचा ४० टक्के भाग आदळेल अशा रीतीने अडथळ्यावर सोडण्यात आल्या आणि प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणात पाचही गाड्यांना पाचपैकी शून्य तारे मिळाले. वर्तमानपत्रांत मथळा शून्याचा झाला, पण त्या निकालातील खरी शिकवण मथळ्याच्या खाली होती. फिगो आणि पोलो यांचा सांगाडा धडकेनंतरही स्थिर राहिला होता. त्यांना शून्य मिळाले ते एअरबॅग नसल्यामुळे. दोन एअरबॅगांची पोलो वेगळी तपासली, तेव्हा तिला चार तारे मिळाले आणि कंपनीने बिनएअरबॅगची पोलो भारतात विकणे बंद केले. अल्टो, नॅनो आणि आय१० यांची गोष्ट वेगळी होती. त्यांचा सांगाडाच कोसळला होता आणि अशा गाडीत एअरबॅग बसवूनही गंभीर इजेचा धोका फारसा कमी होणार नाही, असे संस्थेने स्पष्ट म्हटले होते. २०१२ मध्ये बाजारात आलेल्या अल्टोची ही अवस्था असेल, तर मूळ आराखडा १९८० च्या दशकातला असलेल्या ८०० कडून अधिक अपेक्षा करण्यास मला काहीच आधार दिसत नाही. ‘जुन्या गाडीला बाहेरून एअरबॅग बसवून मिळेल का,’ असे मला एकाने विचारले होते. त्याचेही उत्तर यातच आहे.

जुनी आणि नवी लहान गाडी शेजारी ठेवून पाहायची असेल, तर २०१७ मध्ये युरो एनकॅप या युरोपातील धडक-चाचण्या करणाऱ्या संस्थेच्या विसाव्या वर्षानिमित्त केलेली चाचणी पाहावी. रोव्हर १०० ही १९८० च्या ऑस्टिन मेट्रोवर बेतलेली ब्रिटिश गाडी, जिला १९९७ च्या पहिल्याच फेरीत एक तारा मिळाला होता आणि त्याच वर्षी जिचे उत्पादन संपले, आणि तिच्या तुलनेला होंडा जॅझ. त्या चित्रफितीत रोव्हरचा पुढचा खांब मागे सरकतो, दार वाकते आणि डॅशबोर्ड चालकाच्या जागेत घुसतो. जॅझची केबिन मात्र जागच्या जागी राहते. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा रोव्हरच्या जागी मला दारातली पांढरी ८०० दिसू लागली, आणि खरे सांगायचे तर नव्या गाडीचा विचार त्या संध्याकाळी पक्का झाला.

पंच निवडताना मी तारे पाहिले, पण ताऱ्यांची बारीक अक्षरेही वाचली. ऑक्टोबर २०२१ मध्ये ग्लोबल एनकॅपने दोन एअरबॅगांच्या पंचला प्रौढांच्या संरक्षणासाठी १७ पैकी १६.४५ गुण आणि पाच तारे दिले, तर मुलांच्या संरक्षणासाठी ४९ पैकी ४०.८९ गुण आणि चार तारे. सांगाडा स्थिर ठरला. माझ्या दृष्टीने हा एक शब्द पाच ताऱ्यांपेक्षा मोलाचा आहे. मात्र हे गुण तेव्हाच्या नियमांनुसार आहेत. जुलै २०२२ पासून संस्थेने निकष कडक केले. त्यामुळे २०२१ चे पाच तारे आणि नंतरचे पाच तारे एकाच तराजूत टाकू नयेत. आम्ही पाहिलेल्या एका शोरूममधील विक्रेत्याला मी ‘हे तारे कोणत्या साली आणि कोणत्या व्हेरिएंटला मिळाले,’ असे विचारले, तेव्हा त्याने मला सनरूफ उघडून दाखवले.

तारे आणखी एका मर्यादेत वाचावे लागतात. ही चाचणी साधारण आपल्याच वजनाच्या गाडीशी झालेल्या धडकेचे चित्र उभे करते. साडेसहाशे किलोंची ८०० आणि तेराशे किलोंची दुसरी गाडी प्रत्येकी ताशी ५० च्या वेगाने समोरासमोर आदळल्या, तर जड गाडीच्या वेगात ३३ चा बदल होतो आणि हलकीच्या वेगात ६७ चा, म्हणजे ८०० चा चालक जणू ताशी ६७ ने भिंतीवर जातो. १९९९ मध्ये पुणे-सातारा रस्त्यावर माझ्याभोवती बहुतेक गाड्या माझ्याएवढ्याच होत्या आणि साठच्या पुढे कोणी फारसे जात नव्हते. आज खंबाटकीचा बोगदा ओलांडून पुण्याकडे उतरताना मागे भरलेला ट्रक आणि बाजूला दोन टनांची एसयूव्ही असते. ८०० तशीच राहिली, पण तिच्याभोवतीचा रस्ता बदलला. पंचलाही हा नियम चुकत नाही. ट्रकपुढे तीही लहानच आहे.

आता आतल्या साधनांविषयी थोडक्यात. माझ्या ८०० ला पुढे सीटबेल्ट आहेत, मागे नाहीत. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, नाही, एअरबॅग नाही, मागच्या बाकावर डोक्याला आधार नाही. पंचमध्ये हे सगळे आहे, शिवाय मुलांची सीट घट्ट अडकवण्यासाठी आयसोफिक्सच्या कड्या आहेत. मात्र एअरबॅग ही सीटबेल्टची मदतनीस आहे, त्याची जागा घेणारी नव्हे. पट्टा न लावलेला माणूस पुढे फेकला जात असतानाच ती उघडली, तर तिचाच मार बसतो. पट्ट्याची सूचना बंद करण्यासाठी मिळणारी ती धातूची क्लिप विकण्यास २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना मनाई केली, तरीही ती मला ओळखीच्या तीन गाड्यांत दिसली. पुढे लोखंडी बुलगार्ड लावण्याची हौसही तशीच. तो चुरगळण्याच्या रचनेत आणि एअरबॅगच्या सेन्सरमध्ये ढवळाढवळ करतो, म्हणून डिसेंबर २०१७ पासून त्याला बंदी आहे.

माझ्या ८०० ची नोंदणी पंधरा वर्षांनंतर २०१४, २०१९ आणि २०२४ अशी तीनदा नूतनीकृत झाली आहे आणि पर्यावरण करही मी भरतो. परंतु आरटीओतील पासिंग म्हणजे ब्रेक, दिवे, धूर यांची तपासणी. सांगाडा धडकेत टिकेल का, हा प्रश्न तेथे कोणी विचारत नाही. पंचवीस वर्षांत तळाचा पत्रा गंजून दोनदा बदलला आहे आणि गॅस वेल्डिंगच्या त्या जोडांवर मूळ मजबुतीइतका भरवसा मी ठेवत नाही. म्हणून ८०० आता मंडई, बँक आणि राजवाडा एवढ्याच फेऱ्या करते, ताशी चाळीसच्या आत, आणि आईला तिच्यात बसवायचे नाही असे घरात ठरले आहे.

आपल्याकडे शिकाऊ मुलाच्या हाती जुनी गाडी देण्याची पद्धत आहे: खरचटली तरी हरकत नाही, हा त्यामागचा विचार. यात सर्वांत कच्चा चालक सर्वांत दुबळ्या गाडीत बसतो, हे आमच्याही लक्षात उशिराच आले. भाच्यासाठी जुनी गाडी पाहताना मी म्हणूनच वर्षाची सीमा घातली. ताशी ५६ ची समोरची आणि ताशी ५० ची बाजूची धडक-चाचणी नव्या मॉडेलांना ऑक्टोबर २०१७ पासून आणि विक्रीतील सर्वच मॉडेलांना ऑक्टोबर २०१९ पासून सक्तीची झाली. चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून आणि शेजारच्या प्रवाशाची जुन्या मॉडेलांतही जानेवारी २०२२ पासून. विक्रेता नोंदणीचे साल सांगतो, पण पाहायचा असतो तो निर्मितीचा महिना, आणि तो आरसीवर छापलेला असतो.